शिवी न देणारा मिस्त्री

पुण्यात कोणताही कारागीर घरात शिरला की आधी मागच्या कारागिराला शिव्या घालतो. प्लंबर नळाकडे बघून विचारतो, "हे कोणी करून ठेवलंय?" सुतार दाराची बिजागरी बघून कपाळावर हात मारतो. इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडून नुसताच हसतो, आणि ते हसणं सगळ्यांत महाग पडतं. मी बहात्तर वर्षांचा आहे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो आणि शनिवार पेठेतल्या या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चाळीस वर्षं राहतो आहे. एवढ्या काळात या नियमाला अपवाद पाहिला नव्हता. कोंडीराम हा पहिला अपवाद. त्याच्याबद्दल पहिल्या दिवशी माझा जो गोंधळ उडाला तो पुढे बारा दिवस टिकला.

आधी बाथरूमचं सांगतो. आनंदीला, म्हणजे माझ्या बायकोला, अंघोळीच्या स्टुलावरून उठताना टॉवेलच्या दांडीला धरायची सवय. दांडी टॉवेलसाठी असते, माणसासाठी नसते, हे मी तिला अनेकदा सांगितलं होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी ती दांडी तिच्या हातात आली. दांडीबरोबर तीन टाइल्स आल्या आणि आनंदी खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि स्पृहा, आमची मुलगी, तिला विश्रांतवाडीला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे सगळं नवीन, गुळगुळीत आणि धरायला जागोजागी दांड्या.

सात आठवडे झाले तरी आनंदी तिथेच होती. वॉकर घेऊन चालायला लागली होती, पण घरी यायचं नाव काढत नव्हती. "त्या बाथरूममध्ये मी पाऊल ठेवणार नाही," असं तिनं मला फोनवर सरळ सांगितलं. मग स्पृहा म्हणाली, "बाबा, फ्लॅट विकून टाका ना आणि इकडेच या." मला वाटलं, आनंदी आता तिला झापेल. मंडई सोडून, ओळखीची माणसं सोडून, तिकडे लांब आळंदी रोडला राहायला जायचं म्हणजे काय! पण आनंदी गप्प बसली. इतकी वर्षं जिनं प्रत्येक गोष्टीवर मत दिलं, ती गप्प बसली, तेव्हा मी मनातून घाबरलो. मला तिच्याशिवाय या घरात करमत नव्हतं. डब्याचं जेवण, एकाच माणसाचा चहा, आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही. हे मी तिला फोनवर सांगितलं नाही, कारण असं सांगायची आमच्यात पद्धत नाही.

मी ठरवलं की बाथरूमच्या टाइल्स नव्यानं बसवायच्या, भिंतीला धरायला भक्कम दांडी लावायची आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला घरी आणायचं. ते ती दरवर्षी एका शुक्रवारी करते. शुक्रवार मी ठरवला, कैऱ्या कुठून आणायच्या ते ठरवलं आणि बाथरूमचं ड्रॉइंग काढलं. प्लॅन आणि चारही भिंती, मापांसकट. दांडी जमिनीपासून बरोबर तीन फुटांवर दाखवली.

दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांनी नियमाप्रमाणे शिव्या घातल्या. एक तर म्हणाला, "काका, टाइलवरच टाइल मारू. दोन दिवसांत मोकळं." मला तो आवडला होता, पण त्याचा फोनच लागेना. मग हार्डवेअरच्या दुकानदारानं कोंडीरामला पाठवलं.

चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, केस पांढरे व्हायला लागलेले. चपला दाराबाहेर काढल्या. मी बाथरूम दाखवलं तर हा उंबऱ्यावरच थांबला. आत जाईना. मी त्याला सगळी हकीकत सांगितली आणि जी सुरुवात त्यानं करायला हवी होती ती मीच केली.

"ज्या गाढवानं हे काम केलं ना मिस्त्री, तो समोर आला तर मी त्याला ह्याच टाइलनं बडवीन."

त्यानं मान हलवली नाही की च्च केलं नाही. नुसता भिंतीच्या उघड्या पडलेल्या भागाकडे बघत राहिला. मग विचारलं, "बाईनं कोण्या हातानं धरलं होतं?"

"म्हणजे?"

"दांडी, साहेब. डाव्या का उजव्या?"

मला आठवेना. मी म्हटलं, "उजव्या असेल. त्याचा टाइल्सशी काय संबंध?"

"करतो मी काम," तो म्हणाला. "पण पुरी भिंत काढीन. पयलेच सांगून ठेवतो."

सोमवारी सकाळी तो आला. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला पाण्याचा मुख्य कॉक दाखवतो. आमचा कॉक शोधायला अनोळखी माणसाला अर्धा तास लागतो. तो मागच्या बोळात, मीटरच्या खाली, फरशीच्या एका तुकड्याआड आहे. मी चष्मा शोधून बोळात जाईपर्यंत कोंडीराम तिकडून हात पुसत परत येत होता. पाणी बंद झालेलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला कसं सापडलं?" तो म्हणाला, "जुन्या बिल्डिंगांचं असंच असते साहेब." शनिवार पेठेत आमच्यासारखी दुसरी एकही बिल्डिंग मला माहीत नाही. पण पाणी बंद झालं होतं, तेव्हा भांडायला कारण नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तो बाहेरच्या पायरीवर बसून भाकरी आणि ठेचा खायचा. मी खुर्ची देऊ केली, ती त्यानं नाकारली. बोलतं करायला मला दोन दिवस लागले. मूळचा वाशीमकडचा. सतरा-अठराव्या वर्षी मेव्हण्याबरोबर पुण्याला आला, आधी रेती चाळली, मग विटा वाहिल्या, मग थापी हातात आली. आता विश्रांतवाडीत दोन खोल्या आहेत. स्पृहाची सोसायटी मी सांगितली, तर ती त्याला माहीत होती. बायको मुक्ताई तीन घरी स्वयंपाक करते, मुलगा योगेश चाकणला कारखान्यात आहे. "तुमच्या घराच्या भिंती एकदम झकास असतील," मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला की बाहेरून अजून प्लास्टर व्हायचंय, अकरा वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या भिंती संपतच नाहीत.

टाइल्स काढायला त्याला एक दिवसही लागला नाही. छिन्नी लावून हलकेच ठोकलं की टाइल अख्खी हातात येई. मागून अगदी स्वच्छ, जणू कालच दुकानातून आणलेली. आणि टाइल्सच्या मागे भिंतीवर सिमेंटच्या पापुद्र्याआड पिस्ता रंगाचा ऑइलपेंट होता. तो रंग मी ओळखला. आम्ही राहायला आलो तेव्हा मीच निवडला होता.

"बघा!" मी ओरडलो. "ऑइलपेंटवर सिमेंट थापलंय! माझ्यासारख्या कारकुंड्यालाही कळतं की ते धरणार नाही. कोण महाभाग होता हा? हात मोडले होते का त्याचे?"

कोंडीरामनं एक टाइल उलटी धरून बराच वेळ पाहिली. मग शांतपणे बाकीच्या टाइल्सवर ठेवली. मला वाटलं, ह्याला ऐकू कमी येतं का? मी मुद्दाम हळू आवाजात चहा विचारला तर लगेच "हाव" म्हणाला. म्हणजे ऐकू येत होतं.

मग मला वेगळाच संशय आला. हा माणूस काम वाढवतोय. त्यानं छिन्नीच्या मागच्या टोकानं सगळी भिंत वाजवायला घेतली, वीतभर अंतरानं, खालून वर. जिथे भरीव होती तिथे टण्ण वाजे, जिथे प्लास्टर विटेपासून सुटलं होतं तिथे ढब्ब. ढब्ब वाजलं की तो खडूनं गोल काढी. मंगळवारी दुपारी भिंतीवर पंधरा-वीस गोल होते. बरं, मी म्हटलं, एवढे गोल फोडायचे आणि भरायचे, झालं. पण त्यानं गोलांच्या बाहेरचंही फोडायला घेतलं. आनंदी जिथे पडली त्या भिंतीचं सगळं प्लास्टर त्यानं विटेपर्यंत उतरवलं, चांगलं टण्ण वाजणारंसुद्धा.

"अहो, हे चांगलं होतं!"

"हाव. चांगलं होतं."

"मग काढलंत कशाला?"

"बाजूचं हललं ना साहेब. आज चांगलं हाय. उद्याचं कोणाले माहीत?"

काम ठरलेल्या पैशात होतं, जास्तीचा एक रुपयाही तो मागणार नव्हता. याचाच मला जास्त त्रास झाला. लबाडी करणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे. फुकट जास्त काम करणाऱ्याशी कसं वागायचं ते कोणी शिकवलेलं नाही. मी दिवसातून चार वेळा बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहायचो, ड्रॉइंग हातात धरून, आणि काय विचारावं ते न सुचून परत यायचो. अंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत उकिडवं बसून करायचो. गुडघे बोलायला लागले होते.

बुधवारी तो पाच वाजताच निघाला. रोज सहापर्यंत थांबणारा माणूस. "थोडं काम हाय" एवढंच म्हणाला. आणि गुरुवारी सकाळी मी बघतो तर उघड्या विटांवर खडूनं दोन फुल्या. शेजारी लिहिलेलं, "बाई".

मी टेप आणून मोजलं. दोन फूट नऊ इंच. माझ्या ड्रॉइंगमध्ये तीन फूट होते.

"मिस्त्री, हे काय?"

"दांडीचे बोल्ट इथं येतील. इथल्या विटा काढून काँक्रीट भरतो. मंग बोल्ट सुटत नाई."

"ते कळलं. पण माप? मी तीन फूट दिलंय. स्टँडर्ड माप आहे."

"बाई उंचीनं कमी हाय, साहेब. स्टुलावरून उठताना हात इथंच येईल." आणि त्यानं फुली जराशी डावीकडे सरकवून दाखवली. "अन् बाई डाव्या हातानं धरते."

आनंदी डावरी नाही. पण उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे गेली दोन-तीन वर्षं ती जोर डाव्या हातावर घेते, हे खरं. मला ते आत्ता, त्यानं सांगितल्यावर आठवलं. सत्तेचाळीस वर्षं संसार करून मी उजवा हात सांगितला होता आणि कुठला कोण वाशीमचा माणूस मला माझ्या बायकोचा हात सांगत होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाजानं," तो म्हणाला आणि खाली बसून विटा धुवायला लागला. कोंडीराम खोटं बोलतोय हे मला कळलं, कारण त्याला ते नीट येत नव्हतं. पण खोटं बोलून त्याला मिळणार काय, हे कळेना. रात्री आनंदीला फोन केला तेव्हा सगळं सांगितलं. म्हटलं, मिस्त्री जरा विक्षिप्तच दिसतो, काढून टाकू का? ती घाईघाईनं म्हणाली, "काढू नका. करू दे त्याला." मी म्हटलं, "तू कधीपासून मिस्त्री लोकांची बाजू घ्यायला लागलीस?" तिनं गोळीची वेळ झाली असं सांगून फोन ठेवला.

शुक्रवारी प्लास्टर झालं. ते काम बघण्यासारखं होतं हे मला कबूल केलं पाहिजे. आदल्या दिवशी त्यानं तारेच्या ब्रशनं एकेक वीट घासली होती, सांध्यांतली भुसभुशीत माती टोकरून काढली होती. सकाळी भिंतीवर पाणी मारलं, सिमेंटचं पातळ पाणी फासलं आणि मग थापीनं माल मारला. ओळंबा सोडून तो एक डोळा मिटायचा, पट्टी फिरवायचा, पुन्हा ओळंबा. मी आयुष्यभर सरळ रेषा काढल्या आहेत. ती भिंत माझ्या कुठल्याही रेषेइतकी सरळ होती. शेवटी मला वाटलं, आता घोटून गुळगुळीत करेल, तर त्यानं ओल्या प्लास्टरवर थापीच्या टोकानं आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. टाइलला धरायला काहीतरी पाहिजे, असं म्हणाला. दांडीच्या दोन फुल्याही त्यानं मोजून त्यावर पुन्हा कोरल्या.

"आता सात दिवस पाणी मारायचं. सकाळी अन् संध्याकाळी मी येतो. दुपारचं तेवढं तुम्ही मारा."

मी शनिवारी मारलं, रविवारी मारलं. रविवारीसुद्धा तो विश्रांतवाडीहून दोन्ही वेळा आला, दहा मिनिटांच्या पाण्यासाठी. सोमवारी माझा धीर सुटला. शुक्रवार चार दिवसांवर आला होता. बायकांना बोलावणी गेली होती. टाइल्सच्या पेट्या हॉलमध्ये पडून होत्या आणि समोर भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती.

"मिस्त्री, आज टाइल लावायला घ्या. गुरुवारपर्यंत काम संपवा. शुक्रवारी मला बायको घरी आणायचीय."

"नाई जमणार साहेब. भिंत कच्ची हाय."

"कच्ची काय? टणक झालीय की."

"वरून झाली. आतून अजून वेळ हाय."

"अहो, वरून टाइलच लागणार आहे ना? आत कोण बघायला येणार आहे?"

कोंडीरामच्या हातात पाण्याचा मग होता. तो त्यानं खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भयंकर बोललो होतो. राग नव्हता त्यात. मला नाव देता येणार नाही असं काहीतरी होतं. मग म्हणाला, "ह्या वेळेस नाई साहेब. मले काढून टाका पाहिजे तर. पण मी कच्च्या भिंतीले हात लावणार नाई."

मी खूप बोललो. वेळेची किंमत नसणाऱ्या लोकांबद्दल बोललो, दोन दिवसांत काम करणाऱ्या त्या दुसऱ्या मिस्त्रीबद्दल बोललो आणि शेवटी पुन्हा त्या जुन्या गाढवावर आलो. "त्याच्यामुळे माझी बायको दोन महिने घराबाहेर आहे आणि आता तुमच्यामुळे आणखी एक आठवडा!" तो ऐकून घेत होता, मान खाली घालून. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं पाण्याचा मग उचलला आणि भिंतीवर पाणी मारायला लागला. ह्या वेळेस म्हणजे काय, हे विचारायचं माझ्या रागात राहूनच गेलं.

मी आनंदीला फोन केला. वाटलं होतं, हळदीकुंकू पुढे गेलं म्हणून ती चिडेल. ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी करू. चैत्र काही संपत नाही. पण टाइल लागायच्या आधी मला भिंत बघायचीय."

"भिंत? भिंतीत काय बघायचंय?"

"मला बघायचीय. बघितल्यावरच मी सांगेन, येणार की नाही ते."

आता माझ्या डोक्याचा पुरता भुगा झाला. एक मिस्त्री शिव्या देत नाही, फुकट काम करतो आणि माझ्या बायकोचा हात ओळखतो. आणि ही बायको, जिला टाइल्सचा रंग बघायला सांगितला तर म्हणाली होती काहीही आणा, ती सिमेंटची भिंत बघायला विश्रांतवाडीहून येणार. आणि माझं घर राहणार की विकलं जाणार हे त्या भिंतीवर ठरणार. मंगळवार ते गुरुवार मी दुपारचं पाणी अगदी मन लावून मारलं. भीती वाटली की माणूस सांगितलेलं काम करतो.

शुक्रवारी सकाळी स्पृहानं तिला गाडीतून आणून सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधायला ती पुढे गेली. आनंदी वॉकर टेकत टेकत आत आली. मला वाटलं, घर बघेल, खुर्चीत बसेल, पाणी मागेल. ती सरळ बाथरूमकडे गेली. कोंडीराम आत होता. त्याला बघून ती दचकली नाही. उंबऱ्याशी मात्र थांबली. मी पुढे झालो तर हातानंच मला थांबवलं.

"कोंडीराम," ती म्हणाली, "वाजवून दाखव रे."

मी चकितच झालो. पहिल्याच भेटीत अरे तुरे! कोंडीरामनं छिन्नी उलटी धरली आणि खालून वाजवायला सुरुवात केली. टण्ण. टण्ण. टण्ण. वीतभर वर, वीतभर बाजूला. एकही ढब्ब नाही. मग आनंदी आत गेली. पाऊल ठेवणार नाही म्हणणारी आनंदी आत गेली, कोरलेल्या फुल्यांच्या जागी डावा तळवा टेकला आणि त्यावर भार देऊन उभी राहिली.

"ह्याला तू ओळखतेस?" मी विचारलं.

"बावीस वर्षांपासून. तुम्हीही ओळखता. स्पृहाच्या लग्नाच्या वेळी ह्या टाइल्स ह्यानंच बसवल्या होत्या."

मी कोंडीरामकडे पाहिलं. बारा दिवस ज्याला टाइलनं बडवणार होतो तो गाढव माझ्यासमोर उभा होता.

"पयली भिंत होती साहेब माझी," तो म्हणाला. "त्याच्या आधी निसता माल कालवत होतो. दुकानदारानं पत्ता देल्ला तवाच समजलं. नाई म्हणणार होतो. मंग इथं आलो तर तुम्ही सांगितलं बाई पडली. मी म्हटलं, दुसरा कोणी येईल अन् टाइलवर टाइल मारून जाईल. बुधवारी बाईकडे गेलो, दांडीचं माप घ्यायले. तिथं बाईले सांगितलं सगळं. म्हटलं, साहेबाले सांगू नका. काम होऊ द्या, मंग सांगा."

"अहो, मी रोज शिव्या देत होतो! तेव्हा बोलायचं नाही?"

"काय बोलू? बराबरच देत होते तुम्ही."

"बरोबर नव्हते देत," आनंदी म्हणाली. हात अजून भिंतीवरच होता. "निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या."

"म्हणजे?"

"ह्याचा मिस्त्री होता ना, संजय म्हणून? त्यानं सांगितलं होतं, ऑइलपेंट खरवडायला हवा, भिंतीला छिन्नीनं टोचे मारायला हवेत, दोन दिवस द्या. तुम्ही म्हणालात, परवा केळवणाला पाहुणे येतायत, एक दिवसही मिळणार नाही. तो चिडून निघून गेला. मग ह्या पोराला म्हणालात, तू लाव. मी तिथेच लाडवांचा डबा घेऊन उभी होते. ह्यानं तुम्हाला विचारलं, साहेब, रंगावरच लावू का? आठवतंय तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणणार होतो, नाही आठवत. आणि खरंच आठवत नव्हतं. पण आठवायची गरज नव्हती. सोमवारी याच जागी उभा राहून मी तेच वाक्य बोललो होतो.

"आत कोण बघायला येणार आहे," मी म्हणालो.

आनंदीनं मान हलवली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, इतकी की कोंडीरामकडे बघवेना आणि तिच्याकडे तर त्याहून बघवेना. दोन महिने मी एका माणसाला शोधून बडवायला निघालो होतो आणि तो माणूस रोज सकाळी आरशासमोर दाढी करत होता. तिचं हाड माझ्या एका वाक्यानं मोडलं होतं. ती हे कधीपासून जाणत होती? बुधवारपासून, की पडली त्या दिवसापासून? विश्रांतवाडीला ती गप्प बसली होती ते बाथरूमच्या भीतीनं, की माझ्यामुळे? मी विचारलं नाही. विचारायचं आहे.

"चूक माझीच हाय बाई," कोंडीराम म्हणाला. "मले समजत होतं. नाई म्हणायचं होतं."

"तू तेव्हा वीस वर्षांचा होतास आणि समोर हे होते," आनंदी म्हणाली. "ह्यांना नाही म्हणायला मला दहा वर्षं लागली."

मग ती माझ्याकडे वळली. "मी येते घरी. भिंत चांगली झालीय."

हे ऐकायला मी दोन महिने थांबलो होतो. आता ऐकलं, आणि मी नुसता तिचा वॉकर तिच्याजवळ सरकवला.

कोंडीरामनं हात धुतले, टाइल्सची पहिली पेटी फोडली, एक टाइल काढून फडक्यानं पुसली आणि मला विचारलं, "सात दिवस झाले साहेब. लावू का?"

मी भिंतीजवळ गेलो. ओल्या सिमेंटचा वास येत होता. त्याच्या हातातली छिन्नी मागून घेतली आणि दोन फुल्यांच्या मधे वाजवून पाहिलं. टण्ण वाजलं.

"दोन दिवस थांबा," मी म्हणालो. "आणखी दोन दिवस पाणी मारू."

"भिंतीले गरज नाई साहेब. पक्की झाली."

"माहीत आहे. पण तेव्हा मागितले होते ना दोन दिवस? ते द्यायचे राहिलेत."

त्यानं टाइल पुन्हा पेटीत ठेवली, फडकं झटकलं आणि आनंदीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सोमवारी लावायला घे मग. मी गुरुवारी येते." स्पृहा दारात येऊन विचारत होती की काय चाललंय, आणि तिला कोणीच नीट उत्तर देत नव्हतं.

आनंदी परत विश्रांतवाडीला गेली. मी कोंडीरामला म्हटलं, दोन दिवस तुम्ही येऊ नका, सकाळ-संध्याकाळचंही मी बघतो. त्यानं पाण्याचा मग माझ्या हातात दिला आणि कसं मारायचं ते पुन्हा एकदा दाखवलं, वरून खाली, सावकाश. संध्याकाळी सहाला मी बाथरूममध्ये गेलो आणि पाणी मारलं.